नववीच्या दसऱ्याला बसा: दहावी-बारावीनंतरची वाट लेकरांसोबत कशी आखावी

दहावीचा निकाल लागला की दुपारपासून माझा फोन वाजायला लागतो. "सर, पोरीला ७८ पडले, आता काय करावं बघा." आठ दिवस हाच प्रश्न सुरू असतो, आणि त्या आठ दिवसांत खरं तर काहीच आखता येत नाही. फॉर्मच्या तारखा अंगावर आलेल्या असतात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते. शेजारच्या पोरानं लातूरला सायन्स घेतलेलं असतं, आणि घरातलं कोणीतरी "त्याच्यासोबतच धाडू" म्हणून मोकळं होतं. पुढची चाळीस वर्षं त्या एका वाक्यावर उभी राहतात.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका हायस्कूलवर २२ वर्षांपासून शिकवतोय. आमच्या शाळेतल्या बऱ्याच लेकरांचे आई-बाप ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, दसरा झाला की बांधाबांध सुरू होते, दिवाळीच्या आगेमागे गाड्या निघतात. मग ते थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. दहावीची परीक्षा होते तेव्हा आई-बाप उसाच्या फडात असतात. म्हणून लेकरू आणि पालकांसोबतच्या बैठकीचा मुहूर्त मी दसऱ्याचा धरतो, आणि तोही दहावीचा नाही, नववीचा. जिथं ऊसतोड नाही तिथंही हा मुहूर्त चांगला आहे. सोयाबीनची रास होत आलेली असते, घरात दोन पैसे दिसत असतात, माणसं जरा निवांत बोलतात. दीड वर्ष हाताशी असलं की चुकलेलं दुरुस्त करता येतं.

खाली लिहिलंय ते मी शिक्षक म्हणून करतो. पालकानं घरच्या घरी केलं तरी चालेल, मोठ्या बहिणीनं धाकट्या भावासाठी केलं तरी चालेल. एक १०० पानी वही घ्या, वर लेकराचं नाव घाला आणि सुरुवात करा.

पहिली पायरी: लेकराकडं नीट बघा

"तुला काय व्हायचंय?" हा प्रश्न मी विचारत नाही. त्याची उत्तरं ठरलेली आहेत: पोलीस, डॉक्टर, कलेक्टर. कारण लेकरानं गावात जवळून पाहिलेले साहेब तेवढेच. त्याऐवजी मी चार साधे प्रश्न विचारतो. मागच्या महिन्यात कोणतं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही? घरात काय बिघडलं की तुला हाक मारतात? कोणता विषय शिकवणीशिवाय समजतो? कोणत्या कामाचा कंटाळा येतो पण तरी तू ते पूर्ण करतोस? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार कामाचं असतं, कारण कोणत्याही शिक्षणात निम्मा वेळ कंटाळवाणाच असतो.

एक पोरगा होता. गणितात कायम पस्तीस-चाळीसच्या घरात, वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेला. शनिवार-रविवार मात्र तो गावातल्या मोटार भरायच्या (रिवाइंडिंगच्या) दुकानात असायचा. एकदा शाळेच्या बोअरची मोटार सुरू होईना. वायरमन दुसऱ्या गावाला गेलेला. हे पोरगं उठलं, मेन बंद केला, स्टार्टरचं झाकण काढलं, काळे पडलेले पॉइंट मला दाखवले आणि पॉलिश पेपरनं घासले. तरी मोटार गुंगुं करून थांबली. टेस्टर लावून तो म्हणाला, "सर, स्टार्टर ठीक आहे, एक फेज येईना. डीपीवर डीओ उडला असंल." खरंच ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज उडला होता. त्या दिवशी मी त्याच्या वहीत लिहिलं: बिघाड शोधताना एकेक शक्यता बाद करत जातो. कोणत्याही गुणपत्रिकेत हे वाक्य आलं नसतं. त्यानं आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला, अप्रेंटिस केली, आणि आज तो त्याच कामात आहे.

२०१६ पासून काही वर्षं दहावीला राज्यभर कल चाचणी व्हायची. अशा चाचण्यांना माझा विरोध नाही, पण त्यांचा कागद एकटा पुरत नाही. मोबाइलवर पंधरा मिनिटं बटणं दाबून निघालेल्या निकालापेक्षा वर्षभर ठेवलेल्या वहीवर माझा जास्त भरवसा आहे.

दुसरी पायरी: दारं किती आहेत ते एका कागदावर काढा

आमच्या भागात "दहावीनंतर अकरावी" हे दिवसानंतर रात्र येते तसं धरलेलं असतं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लेकराच्याच हातानं दहावीपासून निघणाऱ्या सगळ्या वाटा काढून घ्या.

अकरावी-बारावी ही एक वाट. दुसरी पॉलिटेक्निक डिप्लोमाची: तीन वर्षं, पात्रतेला दहावीत किमान ३५ टक्के. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशासाठी अर्ज करता येतो, आणि नाही केला तरी १९व्या वर्षी कंपनीत उभं राहता येतं. शासकीय तंत्रनिकेतनं संभाजीनगर, जालना, बीड, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, हिंगोली, धाराशिव इथं आहेत. लातूरला मुलींसाठी शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन वेगळं आहे. त्याचं नावही पुष्कळ पालकांनी ऐकलेलं नसतं, म्हणून मी ते बैठकीत दोनदा सांगतो.

तिसरी वाट आयटीआय. तिच्याबद्दल "नापासांची शाळा" असा जो समज आहे तो काढून टाका. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. प्रमाणपत्रावर आणि सरकारी जाहिरातीत ट्रेडची नावं मराठीत येतात: वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री म्हणजे वायरमन, जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर. लेकरांना ही नावं आधीच सांगून ठेवा. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत वीजतंत्री किंवा तारतंत्री लिहिलेलं वाचून "हे आपलं नाही" म्हणून पान उलटणारी पोरं मी पाहिली आहेत. आयटीआयनंतर अप्रेंटिस करायचीच, ती सोडायची नाही. एसटी महामंडळ, रेल्वे, महावितरण, वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्या सगळीकडं जागा निघतात. आणि आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग असा जिना चढता येतो. वेळ थोडा जास्त लागतो, पण प्रत्येक पायरीवर हातात कमाईचं कौशल्य असतं. ज्या घरात चार वर्षं नुसता खर्च परवडत नाही, तिथं मी हा जिना सगळ्यात आधी दाखवतो.

या तीन मोठ्या दारांशिवाय बारीक दारंही आहेत. संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथं दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा होतो. ज्याचा हात बारीक कामात स्थिर आहे त्यानं तिकडं जरूर बघावं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी जोडलेल्या शाळांमध्ये दहावीनंतर कृषी डिप्लोमा असतो. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल त्या मुलांसाठी संभाजीनगरला १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिथं अकरावी-बारावीसोबत एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी होते. मुलींसाठीची तशी संस्था नाशिकला आहे. दोन्हींचा फॉर्म दहावीचं वर्ष सुरू असतानाच भरावा लागतो. निकालानंतर विचारायला आलेल्याला ते दार बंद झालेलं दिसतं.

तिसरी पायरी: अकरावीचे विषय उलट्या दिशेनं ठरवा

पुढं कुठं जायचं ते आधी, विषय नंतर. आमच्याकडं उलटं होतं: गणित अवघड जातं म्हणून बायोलॉजी घेतात, आणि दोन वर्षांनी कळतं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर ही दारं बंद झाली. एनडीएमध्ये लष्करासाठी कोणतीही शाखा चालते, पण नौदल आणि हवाई दलाला बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतं. लेखी परीक्षेत तर ९०० पैकी ३०० गुण गणिताचेच. खरंच ठरत नसेल तर गणित आणि बायोलॉजी दोन्ही घ्यावेत. ओझं वाढतं, हे मान्य. पण पंधराव्या वर्षी दार लावून घेण्यापेक्षा ओझं बरं.

बारावीच्या परीक्षांबद्दल पालकांचा फार गोंधळ असतो, तो एका बसण्यात सोडवा. इंजिनिअरिंग, बी.फार्म, बी.एस्सी. कृषी यांना राज्याची एमएचटी-सीईटी. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना नीट. आयआयटी-एनआयटीला जेईई. कायद्याच्या पाच वर्षांच्या कोर्सला वेगळी सीईटी, बी.एस्सी. नर्सिंगला वेगळी. २०२४ पासून बीबीए-बीसीएच्या प्रवेशालाही सीईटी आली, आणि पहिल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या कितीतरी पोरांना ते कळलंच नाही. ती कॉलेजच्या खिडकीवर बारावीची गुणपत्रिका घेऊन उभी होती. म्हणून वहीत प्रत्येक कोर्सपुढं परीक्षेचं नाव लिहाच.

या परीक्षांचा स्वभावही वेगळा आहे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि भर बारावीवर असतो, २० टक्क्यांच्या आसपास प्रश्न अकरावीचे. नीट ७२० गुणांची, त्यातले ३६० बायोलॉजीचे, चुकलं की एक गुण जातो, आणि अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम तितकाच महत्त्वाचा. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो. बोर्डालाही सोडू नका: नीटमधून एमबीबीएसला जायचं तर बारावीत पीसीबीला (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून) खुल्या वर्गाला ५० टक्के, आरक्षित वर्गाला ४० टक्के लागतात. सहाशे मार्कांच्या मागं धावता धावता बोर्डाला अडकलेली पोरं असतात.

चौथी पायरी: लातूरला धाडायचं का?

हा प्रश्न मराठवाड्यात टाळून पुढं जाता येत नाही. लातूर पॅटर्ननं, म्हणजे तिथल्या कॉलेज-क्लासच्या कसून तयारीच्या पद्धतीनं, या भागातल्या शेतकऱ्यांच्या हजारो लेकरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं आणि "आपलं पोरगंही होऊ शकतं" हा विश्वास दिला. तो मोठा वारसा आहे, आणि मी त्याच्याबद्दल आदरानंच बोलतो. पण ट्यूशन एरियात एकदा सकाळी सहाला जाऊन उभे राहा आणि सायकलींवरून जाणाऱ्या लेकरांचे चेहरे बघा. मी तिथं दरवर्षी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटायला जातो. एका खोलीत तीन कॉट, भिंतीवर पिरियॉडिक टेबल, कोपऱ्यात मेसचा डबा, आणि "घरी सांगू नका सर, पण टेस्टला मार्क येईनात" असं हळूच सांगणारं पोरगं.

धाडण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, लेकराचं दहावीचं गणित-विज्ञान खरंच पक्कं आहे का. नववीचं जुनं पुस्तक काढून कोणताही धडा विचारा. दुसरी, ते घराबाहेर राहू शकतं का; दहावीच्या सुट्टीत पंधरा दिवस मामाकडं राहून बघू द्या. तिसरी, पैसा. नुसती क्लासची फी धरू नका. क्लासची फी, खोलीभाडं, मेस, पुस्तकं, टेस्ट सिरीज, परीक्षांचे फॉर्म, येणं-जाणं, आजारपण, हे सगळं २४ महिन्यांनी गुणा. मग त्या आकड्यापुढं आणखी एक ओळ लिहा: पहिल्या प्रयत्नात नीट नाही निघाली तर रिपीटचं एक वर्ष. हा आकडा बघून आई-बापांनी एकमेकांकडं पाहिलं तर तिथं थांबा. जमीन विकून किंवा मुकादमाची जास्त उचल घेऊन लेकराला लातूरला ठेवू नका. त्या पैशाचं ओझं पेपर लिहिताना लेकराच्या हातावर असतं.

कॉलेज एकीकडं, हजेरी कागदावर, आणि लेकरू दिवसभर क्लासला, या सोयीबद्दल माझं मत कडक आहे. बारावीला प्रॅक्टिकल न केलेलं पोरगं पुढं पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये बावरतं.

आणि नीटच्या वाटेवर निघालेल्या प्रत्येकाच्या वहीत दुसरी वाट त्याच दिवशी लिहून ठेवा, वाईट निकाल आल्यावर नको. बायोलॉजी आवडतं म्हणजे एमबीबीएसच असं नाही. पशुवैद्यक आहे, बी.फार्म आहे, नर्सिंग आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी आहे, अन्नतंत्रज्ञान आहे. आपल्या भागात सोयाबीन, तूर, हळद, मोसंबी पिकते, मग अन्नतंत्रज्ञान शिकलेल्या पोरीला आपल्याच मातीत काम मिळायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

पाचवी पायरी: कागद

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मार्क कमी पडून प्रवेश गेला तर वाईट वाटतं. मार्क असून कागदापायी गेला तर ते जन्मभर सलतं. माझी एक विद्यार्थिनी, ९१ टक्के, डिप्लोमाच्या यादीत नाव आलं होतं. आधारवर आडनाव एक, शाळेत एक, बापाच्या टीसीवर तिसरंच. दुरुस्तीसाठी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात आठ दिवस गेले आणि फेरी संपली. तिला आरक्षणाची जागा मिळाली नाही. त्या वर्षीपासून मी नववीच्या दसऱ्याला घरातली पत्र्याची पेटी उघडायला लावतो.

पेटीतून सगळे कागद काढून सतरंजीवर मांडा. लेकराचं जन्म प्रमाणपत्र, आधार, शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद, बापाची आणि आजोबांची टीसी. नाव, आडनाव, जन्मतारीख, जात, प्रत्येक अक्षर जुळवून बघा. "शेख" आणि "शेक", "बाई" लागलेलं आणि न लागलेलं, काना-मात्रासुद्धा. शाळेतल्या नोंदीची दुरुस्ती दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी व्हायला हवी. एकदा बोर्डाच्या प्रमाणपत्रावर छापलं गेलं की काम कितीतरी पटीनं अवघड होतं.

मग दाखले. जातीचा दाखला आणि अधिवास एकदाच काढायचे, ते नववीतच काढून टाका. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून तो एप्रिलमध्ये नवा काढा. मे-जूनमध्ये सेतूवर रांग लागते आणि सर्व्हर बसतो. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास), एसईबीसी (मराठा आरक्षण) असाल तर नॉन-क्रिमीलेअर, खुल्या गटातल्या गरीब कुटुंबाला ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र.

जात पडताळणी वेगळी, आणि ती व्यावसायिक कोर्सच्या प्रवेशाला लागते. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, कागद नाहीतर वास्तव्याची नोंद. मराठवाड्यातली अडचण इथंच येते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, जुन्या नोंदी उर्दूत नाहीतर मोडीत, आणि आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. अशा वेळी आजोबांच्या भावाची, चुलत आजोबांची टीसी शोधा, त्यांच्या शाळेतून निर्गम उतारा काढा, तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पाहणी पत्रक आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, बघा. घरातल्या कोणाची, अगदी चुलत्याची, जात वैधता झालेली असेल तर ती प्रत सोन्यासारखी जपा. वंशावळ लिहिताना म्हाताऱ्या आजीला शेजारी बसवा. नावं तिलाच आठवतात.

शेवटी बँक खातं. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून आधारला जोडलेल्या खात्यातच येते. लेकराच्या नावाचं खातं उघडून आधार जोडलंय का ते बँकेत विचारून या, आणि फॉर्मवर घालायचा मोबाइल नंबर घरातच राहणारा असू द्या. फडात गेलेल्या बापाच्या फोनवर ओटीपी जातो आणि इकडं पोरगं सेतूवर ताटकळतं, हे मी दरवर्षी बघतो.

सहावी पायरी: पैसा कुठून येईल

आठवीतल्या लेकराचे पालक वाचत असतील तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीनंतर अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, भटक्या-विमुक्तांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या वर्गातल्या ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना व्यावसायिक कोर्सला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची सवलत मिळते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना, आदिवासींना स्वयं, ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार योजना. महाज्योती ही सरकारी संस्था ओबीसी-भटक्या विद्यार्थ्यांची नीट-जेईई-सीईटीची तयारी मोफत ऑनलाइन करून घेते. अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतो. नावं पुष्कळ आहेत, सगळी पाठ करायची गरज नाही. आपल्या लेकराला लागू होणाऱ्या दोन किंवा तीनच वहीत लिहा आणि पुढं तारखेसाठी जागा मोकळी ठेवा.

एक मोठी गोष्ट मात्र गावागावात ओरडून सांगा. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींचं व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. म्हणून "सीट फिक्स करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मुलींच्या बैठकीत आणखी एक खुर्ची

पोरगी हुशार असली तरी दहावीनंतर घरात बोलणं सुरू होतं: लांब कसं धाडायचं, बस कधी येते, स्थळ चांगलं आलंय. ऊसतोडीच्या घरात तर लग्न म्हणजे एक कोयता, म्हणजे तोडीला नवरा-बायकोची एक जोडी, वाढतो, हा हिशोबही असतो. त्या आई-बापांना मी दोष देत नाही. फडाशेजारच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, तरण्या पोरीला घेऊन राहायची भीती मला माहीत आहे. म्हणून मुलीच्या बैठकीत मी एक खुर्ची जास्त मांडतो आणि शिकून नोकरीला लागलेल्या गावच्याच एखाद्या बाईंना बोलावतो. एएनएम म्हणजे नर्स झालेली, ग्रामसेवक, शिक्षिका, कोणीही. त्या जे पाच मिनिटांत पटवतात ते मला तासाभरात जमत नाही.

व्यवहाराचं बोलायचं तर ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे. पण बस वेळेवर येते का, सकाळची गाडी कॉलेजला पोचवते का, संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता, हे बापाला सोबत घेऊन एक दिवस स्वतः प्रवास करून बघा. लांबच्या शिक्षणाला समाजकल्याणचं वसतिगृह, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह यांचे फॉर्म वेगळे भरावे लागतात. कॉलेजच्या प्रवेशासोबत ते आपोआप होत नाहीत. बापाला वसतिगृह आतून दाखवा, वॉर्डनचा नंबर त्याच्या फोनमध्ये घाला. खोलीला कडी आहे हे डोळ्यांनी बघितलेला बाप जास्त ठाम राहतो.

फॉर्म भरायचा दिवस

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळं कॅफेवाल्यानं भरलेला पसंतीक्रम डोळे झाकून लॉक करू देऊ नका. कॉलेजची यादी घरी कागदावर तयार करा, मागच्या वर्षीचा कट-ऑफ पुढं लिहा, दोन वरची, पाच-सहा बरोबरीची, दोन नक्की मिळतील अशी घ्या. आणि तोच कागद कॅफेवर न्या. लॉगिन आणि पासवर्ड वहीत लेकराच्या हातानं लिहिलेला हवा, कॅफेवाल्याच्या डायरीत नव्हे. एकच दार धरून बसू नका: अकरावी, डिप्लोमा, आयटीआय तिन्हीकडं अर्ज करता येतो, आणि तारखा एकमेकांत गुंतलेल्या असतात. मूळ टीसी एकीकडं जमा करायच्या आधी दुसरीकडचा निकाल बघा.

निकाल मनासारखा नाही लागला तर

दहावीला एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. हे सगळं निकालाच्या दिवशी संध्याकाळीच लेकराला सांगा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्या रात्री घरातल्या कोणीतरी त्याच्याजवळ झोपावं. हे मी ठामपणे सांगतो.

पोलीस भरतीच्या मागं लागलेली पोरं आमच्याकडं फार. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या या पोरांबद्दल मला कौतुकच वाटतं. शिपाई भरतीला बारावी पास लागतं, मैदान ५० गुणांचं आणि लेखी १०० गुणांची, म्हणजे दोन तृतीयांश वजन पुस्तकाचं. अकॅडमीला महिना-महिना पैसे भरून नुसतं ग्राउंड मारणाऱ्या पोराला हे सांगायला हवं. भरतीची तयारी करायचीच तर सोबत पदवी किंवा आयटीआय सुरू ठेवा, आणि किती भरत्या द्यायच्या ते आधीच वहीत लिहा. एकेकाळी डी.एड.च्या मागं सगळा मराठवाडा गेला, कॉलेजं निघाली, जागा भरल्या, आणि पदविका घेऊन बसलेले कितीतरी तरुण आज दुसऱ्याच्या दुकानात आहेत. सगळे जिकडं जातात तिकडं किती जागा आहेत, हे आधी विचारा.

जुलैची यादी

ही शेवटची पायरी शिक्षकांसाठी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी दहावीचा हजेरीपट घेऊन बसतो आणि प्रत्येक नावापुढं तो कुठं गेला ते लिहितो. फोन करतो, घरी जातो. दरवर्षी पाच-सात नावांपुढं जागा कोरी राहते. कोणी हॉटेलात कामाला लागलेलं असतं, कोणाची सोयरीक जुळत असते, कोणाचा नुसता फॉर्म राहिलेला असतो. आयटीआयच्या उशिराच्या फेऱ्या आणि अकरावीच्या रिकाम्या जागा तोवर बहुधा शिल्लक असतात. मागच्या वर्षी अशा सहा नावांपैकी चौघांचा प्रवेश झाला. पाचवी एक मुलगी, तिचे वडील म्हणाले, "सर, दसऱ्यापर्यंत थांबा, उचल फिटली की बघू." सहावा पुण्याला गेलाय, त्याचा फोन लागत नाही. त्याच्या आईकडून नवा नंबर घेऊन आलोय.